बांबोळीला किती वाजता पोचलात? तालुक्यातल्या आपत्कालीन उपचारांचा अभ्यास कसा करावा

गोवा लहान आहे, हे वाक्य आरोग्यावरच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच. ३,७०२ चौरस किलोमीटर, १२ तालुके, बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ), म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं, फोंडा आणि चिखलीला उपजिल्हा इस्पितळं, २००८ पासून १०८ च्या गाड्या. मग अडचण कुठं आहे? अडचण अशी की हे सगळं इस्पितळाच्या बाजूनं मोजलेलं आहे. सत्तरीच्या घाटमाथ्याकडचा, नेत्रावळीच्या डोंगरातला किंवा दिवाडी बेटावरचा माणूस स्वतःच्या उंबरठ्यापासून मोजायला लागला की लहान गोवा एकदम लांबतो.

हा लेख असा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यात सामुदायिक वैद्यकाचे किंवा नर्सिंगचे विद्यार्थी आले, समाजकार्यवाले आले, आरोग्य केंद्रातले डॉक्टर आले आणि आपल्या वाड्यावर माणसं का दगावतात हे शोधणारा ग्रामपंचायतीचा एखादा पंचही आला. मोठं अनुदान लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि एक प्रश्न सतत समोर ठेवावा लागतो: जे पोचलेच नाहीत ते कुठं गेले?

आधी आजार एकच निवडा

‘आपत्कालीन सेवेची उपलब्धता’ हा विषय अभ्यासाला घेऊ नका. तो भाषणाचा विषय आहे. अभ्यासाला सर्पदंश घ्या, हृदयविकाराचा झटका घ्या, बाळंतपणातला रक्तस्राव घ्या, पक्षाघात किंवा रस्ता अपघात घ्या, पण एकच. कारण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा, म्हणजे जवळचं केंद्र जवळ असूनही उपयोगाचं नसतं. हृदयविकारात उलट. ईसीजी जवळच्या केंद्रात निघतो, इंजेक्शनही तिथंच देता येतं. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यांसाठीचा गोव्यातला स्टेमी प्रकल्प याच तत्त्वावर उभा आहे: परिघावरच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढायचा, तो लगेच हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोचवायचा आणि उपचार तिथंच सुरू करून रुग्णाला पुढं हलवायचं. या दोन आजारांची ‘जवळच्या इस्पितळापर्यंतची सरासरी वेळ’ एकाच तक्त्यात मांडली तर आकडा निघेल, अर्थ निघणार नाही.

सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या भागांसाठी मी सर्पदंशच सुचवेन. तो शेतात, कुळागरात (सुपारीच्या बागेत), बागायतीत राबणाऱ्याला होतो, बहुधा पावसाळ्यात होतो, आणि त्यात अंतर, अंधार, नेटवर्क, रस्ता, गावठी औषध, औषधसाठा हे सगळे धागे एका ठिकाणी येतात. शिवाय केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचं त्यात ठरलं आहे, त्यामुळं तुमच्या आकड्यांना गिऱ्हाईक आहे.

घड्याळाचे तुकडे करा

सगळ्या अभ्यासाचा कणा हाच. थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात उशिराचे तीन भाग पाडले: जायचं ठरवण्यातला उशीर, पोचण्यातला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. चौकट जुनी आहे, पण अजून हिच्याइतकी कामाची दुसरी नाही. आपण फक्त ती मिनिटांत उतरवायची.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जुलैतली संध्याकाळ, सत्तरीतला वरच्या अंगाचा एक वाडा.

६.१० – कुळागरात पायाला चावा.
७.०५ – मुलगा नेटवर्क मिळतं तिथवर उतरून १०८ ला फोन लावतो.
७.४८ – गाडी डांबरी रस्त्याच्या टोकाला येते.
८.०० – रुग्णाला उचलून गाडीपर्यंत आणतात, गाडी निघते.
८.४० – वाळपईचं सामाजिक आरोग्य केंद्र.
९.०५ – प्रतिसर्पविष सुरू.

चावा ते औषध, १७५ मिनिटं. आता हीच घटना वेगवेगळ्या दप्तरांत कशी दिसते पाहा. १०८ च्या नोंदीत ४३ मिनिटं, फोनपासून गाडी येईपर्यंत. इस्पितळाच्या नोंदीत २५ मिनिटं, दारापासून औषधापर्यंत. दोन्ही नोंदी खऱ्या, दोन्ही दप्तरं आपापल्या जागी बरोबर. आणि फोनच्या आधीची ५५ मिनिटं, जो इथला सर्वांत मोठा तुकडा आहे, तो कुणाच्याच दप्तरात नाही. रस्त्याच्या टोकाची १२ मिनिटंही बहुधा कुठं सापडणार नाहीत.

अजून एक बारकावा. ती २५ मिनिटं म्हणजे इस्पितळाची ढिलाई समजू नका. घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असला आणि विषबाधेची लक्षणं अजून उघड दिसत नसली की रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का पाहतात. ती तपासणी आहे, उशीर नव्हे. फॉर्ममध्ये तिला वेगळा रकाना दिला नाहीत तर ड्युटीवरच्या नर्सवर विनाकारण ठपका येईल आणि पुढच्या वेळी तुम्हाला रजिस्टर दाखवायला कुणी राजी होणार नाही.

फॉर्म दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक वेळेपुढं ती कुठून कळली ते लिहायला जागा ठेवा: फोनचा कॉल लॉग, १०८ ची नोंद, केस पेपर, की घरच्यांची आठवण. सर्पदंशात आणखी तीन गोष्टी विचारा. दोरी आवळली होती का, जखमेला चिरा दिला होता का, आणि साप कुणी पाहिला का. शेवटचा प्रश्न इथं जास्तच महत्त्वाचा, कारण आपल्याकडं मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, आणि पश्चिम घाटातले चापडे (पिट वायपर), विशेषतः उंचवटेदार नाकाचा (हम्प-नोज्ड) चापडा, या यादीत बसत नाहीत. औषध वेळेत मिळूनही गुण आला नाही, अशी नोंद दिसली तर त्याचं एक कारण हेही असू शकतं.

नकाशा: किलोमीटर विसरा

क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपनस्ट्रीटमॅपवर गोव्याचे रस्ते बऱ्यापैकी भरलेले आहेत. त्यांच्या आधारे एखाद्या केंद्रापासून ३०, ६०, ९० मिनिटांत कुठवर पोचता येतं याचे पट्टे काढता येतात. पट्टे सुंदर दिसतात आणि बहुतेक वेळा थापा मारतात. सॉफ्टवेअर रस्त्याच्या प्रकारावरून वेग धरतं. करमल घाटात पुढं ट्रक असला, चोर्ल्याच्या वळणांवर धुकं उतरलं, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी म्हापशाच्या बाजारापाशी गर्दी झाली किंवा डिसेंबरात किनारपट्टीचे रस्ते तुंबले, हे त्याला कसं कळणार?

म्हणून प्रत्यक्ष धाव घ्या. निवडलेल्या वाड्यांपासून केंद्रापर्यंत गाडीनं जा, जीपीएसनं वेळ नोंदवा. एकदा भर दुपारी, एकदा रात्री, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पाऊस धो धो पडत असताना. मग सॉफ्टवेअरचे वेग त्यानुसार खाली आणा. रुग्णवाहिकेचा प्रवास दुहेरी असतो, हेही धरा: ती आधी तळावरून येते, मग परत जाते. बेटाच्या बाबतीत फेरीबोट कुठल्या काठाला आहे यावर सगळं अवलंबून, तेव्हा तिथं वाट पाहण्याची वेळ वेगळी मोजा. आणि प्रत्येक वाड्यावर मोबाईलच्या कांड्या किती येतात ते घरात, अंगणात आणि मुख्य रस्त्यावर असं तीन ठिकाणी टिपून ठेवा. नेत्रावळी-वेर्ले पट्ट्यात हा एक रकाना बाकीच्या नकाशापेक्षा जास्त बोलेल.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं जागतिक शस्त्रक्रियेवर नेमलेल्या आयोगानं २०१५ मध्ये २ तासांत सुसज्ज इस्पितळ गाठता यावं अशी फूटपट्टी दिली. ती देशांची तुलना करायला ठीक. गोव्यात ती लावली तर कागदावर जवळपास सगळेच पास होण्याची शक्यता, आणि मग अभ्यासाला अर्थ राहत नाही. आपली पट्टी आजाराच्या घड्याळावरून ठरवा.

लोकसंख्येसाठी २०११ च्या जनगणनेचे गाववार आकडे मिळतात, पण त्यानंतर वेर्णा, कुंडई, झुआरीनगरसारख्या ठिकाणी किती भाडेकरू कामगार आले याचा त्यात पत्ता नाही. उपकेंद्राची घरोघरची यादी त्याला जोडून पाहा. इथं एक गोवेकरी गोष्ट लक्षात ठेवा. बाहेरच्या राज्यांसाठी लिहिलेली सगळी मार्गदर्शिका ‘आशाताईंना विचारा’ इथून सुरू होते. गोव्यात आशा योजना राबवलेली नाही. आपल्याकडं ती माहिती अंगणवाडी सेविका, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) आणि आरोग्य कर्मचाऱ्यांकडं असते, आणि त्यांच्यावर आधीच कामाचा बोजा आहे, तेव्हा वेळ मागताना जरा जपून.

रजिस्टरात नसलेली माणसं

कॅज्युअल्टीचं रजिस्टर, पोलिसांकडं जाणारी एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांची) नोंद, १०८ चे रुग्ण-तक्ते, रेफरच्या चिठ्ठ्या, ग्रामपंचायतीतली मृत्यूनोंद. या सगळ्यांतून आपला आजार वेचायचा. ‘मृतावस्थेत आणले’ आणि ‘सल्ल्याविरुद्ध घरी नेले’ हे शेरे असलेल्या ओळी वगळायच्या नाहीत. पुष्कळ अभ्यासांत त्या ‘उपचार झाले नाहीत’ म्हणून गाळल्या जातात, म्हणजे ज्यांच्यासाठी अभ्यास करायचा तेच बाहेर.

किती माणसं निसटली याचा अंदाज दोन याद्या ताडून काढता येतो. वन्यजीववाले प्राणी मोजायला हीच युक्ती वापरतात. समजा, एका यादीत ६० रुग्ण, दुसरीत ४५, आणि दोन्हींत मिळून सामाईक २२. प्रत्येक आकड्यात १ मिळवा: ६१ गुणिले ४६ म्हणजे २,८०६. त्याला २३ नं भागा, १२२. त्यातून १ वजा करा, १२१. प्रत्यक्ष याद्यांत वेगवेगळी माणसं ८३ आहेत, म्हणजे सुमारे ३८ जण कुठल्याच यादीत नाहीत.

पण थांबा. हे गणित दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतं. १०८ ची यादी आणि इस्पितळाची यादी स्वतंत्र कुठं असतात? १०८ रुग्णाला इस्पितळातच सोडते. अशा जोडीत सामाईक नावं जास्त येतात, आणि एकूण अंदाज कमी निघतो. म्हणजे १२१ हा आकडा बहुधा कमीच आहे. दुसरी यादी म्हणून अंगणवाडी सेविकांच्या आठवणीतून किंवा पंचायतीच्या मृत्यूनोंदीतून बनवलेली यादी घेतली तर जोडी बरी जमते. आकडा छापताना हे सांगायला विसरू नका.

घरी जाऊन विचारणं

घरात मृत्यू झाला असेल तर बारावं-तेरावं होईपर्यंत जाऊच नका. ख्रिस्ती घरात महिन्याची मिस (चर्चमधली प्रार्थना) होऊ द्या. आधी ओळखीच्या कुणाकडून निरोप पाठवा. भाषा त्यांची: सत्तरीत, पेडण्यात, डिचोलीत मराठी-कोंकणी मिसळून चालेल, कामगार वस्तीत कन्नड किंवा हिंदी येणारं कुणी बरोबर हवं.

‘उशीर का केलात?’ हा प्रश्न फॉर्मवर छापलेला असला तरी विचारू नका. तो आरोप आहे. ‘मग पुढं काय झालं?’ एवढंच विचारत राहा. वेळा माणसांना घड्याळानं आठवत नाहीत, प्रसंगानं आठवतात.

‘काकी, तेव्हा उजेड होता की दिवा लावला होता?’
‘दिवा लावलेला. म्हशी आलेल्या.’
‘म्हणजे सातची कदंब बस गेली होती?’
‘नाही रे, तीच गेली असती तर तिच्यातनंच नेला असता. ती त्या दिवशी आलीच नाही.’

एका वाक्यात वेळही मिळाली आणि कारणही. असं उत्तर कुठल्याही रकान्यात बसत नाही, ते जसंच्या तसं लिहून घ्या.

गावठी औषध देणाऱ्याकडं नेलं होतं असं कळलं तर नाक मुरडू नका. तो शेजारी आहे, रात्री दार उघडतो, पैसे नंतर घेतो. त्याच्याकडं किती वेळ गेला ते मिनिटांत लिहा आणि त्यालाही जाऊन भेटा. कित्येकदा ‘आता बांबोळीला न्या’ असं सांगणारा पहिला माणूस तोच असतो.

अपघातांचा अभ्यास असेल तर मदतीला थांबलेल्या लोकांना शोधा: पायलट (मोटरसायकलवरून भाडं नेणारे), टॅक्सीवाले, रस्त्याकडेचे गाडेवाले. पोलिसांच्या भीतीनं हात आखडला का, हे विचारा. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जखमीचा जीव वाचवणं आधी, कागदपत्रं नंतर. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटर वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आणि मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोख उपचारांची केंद्रीय योजनाही आहे. हे त्यांच्यापैकी किती जणांना माहीत होतं, हाच एक निष्कर्ष ठरू शकतो.

समता आकड्यांत कशी दिसते

समजा, दहा रुग्णांच्या पोचण्याच्या वेळा अशा: ३५, ३५, ४०, ४०, ४५, ४५, ५०, ५५, १६०, १९५ मिनिटं. सरासरी ७०. मध्यक, म्हणजे ओळीतली बरोबर मधली वेळ, ४५. सरासरीचा ७० हा आकडा या दहांतल्या कुणाचाच नाही, कुणी त्याच्या जवळपासही नाही. मध्यक तर शेवटच्या दोघांकडं पाहतच नाही. म्हणून तिसरा आकडा द्या: ठरवलेल्या मर्यादेपलीकडं किती जण गेले. इथं दहांत दोघं. आणि मग खरा प्रश्न: हे दोघं कोण?

त्यासाठी सुरुवातीपासूनच तालुका, वाडा, स्त्री की पुरुष, वय, घरातला फोन कुणाच्या हातात असतो, मालकीचं घर की भाड्याची खोली, गोव्यात किती वर्षं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे की नाही, हे विचारून ठेवावं लागतं. त्या कार्डाला गोव्यात किमान ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. ट्रॉलरवरचा खलाशी किंवा बांधकामावरचा मजूर त्यात बसतो का, ते तपासा. गावडा, कुणबी, वेळीप ही नावं २००३ पासून अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, डोंगरातला धनगर-गवळी नाही. केवळ ‘एसटी’चा रकाना ठेवलात तर डोंगरमाथ्यावरचं सर्वांत दूरचं घर ‘इतर’मध्ये जाऊन पडेल.

गट पाडून पाहण्याचं महत्त्व कळायला गोव्यातलंच उदाहरण आहे. संगाथ या संस्थेच्या मानस प्रयोगात सरकारी आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमून नैराश्य-चिंतेवर उपचार करून पाहिले. निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. फायदा सरकारी केंद्रांत ठळक दिसला, खाजगीत दिसला नाही. नुसता एकत्रित आकडा छापला असता तर कुठं काय करायचं हे कुणाला कळलं नसतं.

परवानग्या

कंटाळवाणं काम, पण पहिल्याच महिन्यात सुरू करा. एखाद्या संस्थेच्या नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता लागते. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज लिहिलात तर फेऱ्या वाचतात. ओळख काढून टाकलेल्या नोंदी पाहायच्या असतील तर संमतीची अट शिथिल करण्याची विनंती करता येते, घरच्या मुलाखतींना मात्र संमती हवीच. सरकारी केंद्रांतल्या रजिस्टरांसाठी आरोग्य सेवा संचालनालयाचं पत्र हवं. एकत्रित आकडे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतात, उत्तराची मुदत ३० दिवस. कुणा रुग्णाचा तपशील त्या वाटेनं मागू नका, मिळणारही नाही.

वाड्याचं नाव, वय आणि महिना एवढं लिहिलं की आपल्याकडं माणूस ओळखला जातो. ५ पेक्षा कमी रुग्ण असलेला कुठलाही चौकोन अहवालात रिकामा ठेवा किंवा शेजारच्या गावात मिळवा.

बदल करून पाहा

मोजून थांबलात तर ते फक्त गाऱ्हाणं. सर्वांत मोठा तुकडा कुठला निघाला त्यावर उपाय ठरवा. फोनच्या आधीचा असेल तर वाड्यावर नेटवर्कची जागा ठरवून तिथं फलक लावणं आणि दोन गाडीवाल्यांची नावं पक्की करणं. रस्त्याच्या टोकाचा असेल तर स्ट्रेचर आणि उचलणारी चौघं. गाडी येण्यातला असेल तर पावसाळ्यापुरता तळ हलवणं. केंद्रातला असेल तर रात्रीच्या पाळीतल्या औषधाच्या कपाटाची चावी कुणाकडं असते, इथपासून सुरुवात. हसू नका, चावीचा प्रश्न खरा असतो.

तुलना करताना जुलैची जुलैशी करा, मेशी नाही. एखाद्या वाईट वर्षानंतरचं वर्ष उपाय न करताही बरं दिसतं, म्हणून आधीचे किमान १२ महिने आणि नंतरचे १२ महिने हातात हवेत, आणि उपाय न झालेला शेजारचा एखादा भाग तुलनेला हवा. तळ हलवला तर ज्या गावापासून गाडी दूर गेली तिथल्या वेळाही मोजा. एका वाड्याची २० मिनिटं वाचवून दुसऱ्याची ३० वाढवली असतील, तर ते अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं.

निष्कर्ष आधी केंद्रातल्या डॉक्टर-नर्सना दाखवा, मग ग्रामसभेत मांडा. ग्रामसभेला एक पान पुरे: घड्याळाचे तुकडे, वाड्यांचा नकाशा, आणि कोणतं काम पंचायतीचं, कोणतं आरोग्य खात्याचं, कोणतं १०८ चं. प्रश्न अंगावर येतील, त्यातले निम्मे रस्त्याच्या डांबराबद्दल असतील. तेही लिहून घ्या.

वेळापत्रक म्हणाल तर परवानग्यांचे अर्ज ऑक्टोबरात टाका, फॉर्मची चाचणी फेब्रुवारीत घ्या, उन्हाळ्यातल्या धावा एप्रिल-मेमध्ये उरका. जूनच्या पहिल्या पावसाला नोंदणी सुरू झालेली असली पाहिजे, कारण तो महिना हुकला तर सर्पदंशाचा अख्खा हंगाम पुढच्या वर्षावर जातो.